ना हरकत, ना पाणी

"एनओसी निघाली का?"

आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारं वाक्य. बिल्डर विचारतो, आर्किटेक्ट विचारतो, हॉटेल काढणारा विचारतो, त्याला कर्ज देणारी बँक विचारते. एकवीस वर्षं मी व्यापारी इमारतींमध्ये स्प्रिंकलर बसवतोय (नातेवाईकांसाठी खुलासा: बागेतले नव्हेत, छतातले). या एकवीस वर्षांत "अहो, पण त्यातून पाणी येतं का?" असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. त्यात अधिकारी किती, हे आत्ता सांगत नाही. पोस्ट वाचता वाचता कळेलच.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला निमित्त आमच्या घरच्या ग्रुपवरचा वाद. मामेभाऊ पॅथॉलॉजी लॅब काढतोय, एका व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या मते ही फायरची परवानगी म्हणजे छोट्या माणसाला छळायचा सरकारी उद्योग आहे, आणि ती रद्दच करायला हवी. लगेच आत्या म्हणाली, मग राजकोटसारखं होतं, परवानग्या आणखी कडक करा. चाळीस मेसेज झाले. मला विचाराल तर दोघंही चुकताहेत, कारण दोघंही एकाच कागदाबद्दल भांडताहेत. एकाला तो नकोय, दुसरीला तो जास्त जाड हवाय. त्या कागदाचा आणि छतातल्या पाण्याचा संबंध किती आहे, हे कुणी बघतच नाही.

आधी त्या नावाकडेच बघा ना. ना हरकत प्रमाणपत्र. म्हणजे "आमची काही हरकत नाही." यंत्रणा चालते असं त्यात कुणी म्हणत नाही. 'आम्ही पाणी सोडून पाहिलं' असंही नाही. हरकत नाही, एवढंच. लग्नाच्या बैठकीत मुलीचा काका म्हणतो तसं. उद्या काही बिनसलं तर काका मोकळा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नावाचा कायदा आहे आणि त्याखालचे २००९ चे नियम. मोठी व्यापारी इमारत बांधायची तर नकाशे अग्निशमन विभागाकडे जातात, तिथून तात्पुरती एनओसी मिळते आणि तिच्यात काय काय बसवायचं त्याची यादी असते. इमारत उभी राहिली की ज्याच्याकडे लायसन्स आहे अशी एजन्सी 'फॉर्म ए' देते: सगळं नियमाप्रमाणे बसवलं आहे. मग अंतिम एनओसी, मग भोगवटा प्रमाणपत्र. पुढे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत 'फॉर्म बी': बसवलेलं सगळं चालू स्थितीत आहे. हाही लायसन्सवाली एजन्सीच देते. आणि एजन्सीला पैसे कोण देतं? ज्याची इमारत तपासायची तोच. विद्यार्थ्याने परीक्षक निवडायचा, मानधनही त्यानेच ठरवायचं, आणि निकाल जानेवारी-जुलैत न चुकता लागायलाच हवा!

आता त्या तात्पुरत्या एनओसीत स्प्रिंकलरबद्दल काय असतं? बहुतेक वेळा एक वाक्य. संपूर्ण इमारतीत, तळघर धरून, मानकाप्रमाणे स्वयंचलित स्प्रिंकलर बसवावेत. मानक म्हणजे भारतीय मानक १५१०५ आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग. वाक्य बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वाक्यातून प्रत्यक्ष नळ्या कशा निघाल्या, कुठल्या जाडीच्या, शेवटच्या टोकाला किती दाब उरतो, हा हिशोब माझ्याकडे मागितल्याचं मला फार थोड्या वेळा आठवतं. छापील नकाशावर लाल ठिपके मात्र हवेत. ठिपके मोजले जातात.

इथे जरा थांबून हिशोब सांगतो. हिशोब अवघड नाही, आणि तो समजल्याशिवाय माझा राग समजणार नाही.

स्प्रिंकलरच्या हेडमध्ये एक छोटी काचेची नळी असते, आत रंगीत द्रव. लाल असेल तर साधारण ६८ अंशांना फुटते. सिनेमात हिरो लायटर धरतो आणि अख्ख्या हॉटेलभर पाऊस पडतो, तसं होत नाही. जे हेड तापतं तेच उघडतं. बाकीची कोरडी. दुकान-ऑफिस अशा मध्यम धोक्याच्या जागेत एका हेडने साधारण १२ चौरस मीटर सांभाळायचे, आणि त्यावर दर मिनिटाला ५ मिलिमीटर पाणी पडलं पाहिजे. १२ गुणिले ५, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. नेहमीच्या हेडमधून एवढं पाणी यायला तिथे अर्ध्या बारच्या किंचित वर दाब हवा. बस्स, एवढंच. आग लहान असताना दोन-चार हेडं उघडली आणि प्रत्येकाने मिनिटाला ६० लिटर दिले, तर बंब येईपर्यंत आग तिथल्या तिथे राहते.

आता तेच पाणी नळीतून येतं. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे २५ मिलिमीटरच्या नळीवर दोन हेडं, ३२ वर तीन, ४० वर पाच. का? कारण नळीतून पाण्याचा प्रवाह दुप्पट केला की घर्षणात जाणारा दाब दुप्पट होत नाही, साडेतीन पटींहून जास्त होतो. पंपरूममधला काटा सात बार दाखवत असला तरी शेवटच्या केबिनमध्ये चूळ भरण्याइतकं पाणी, असं अगदी सहज होऊ शकतं. बाहेरून काही दिसत नाही. हेड चकचकीत, नळी लाल, सगळं जागच्या जागी.

आणि हे होतं कुठे? इमारत बांधताना सहसा नाही. बिल्डरने उघड्या स्लॅबखाली हेडं लावलेली असतात, अंतिम एनओसी त्या रिकाम्या मजल्याची असते. मग गाळे विकले जातात. गाळा घेणारा इंटिरियरवाल्याला बोलावतो. इंटिरियरवाला फॉल्स सीलिंग मारतो, एका हॉलच्या सहा केबिन करतो. प्रत्येक केबिनमध्ये हेड हवं म्हणून आहे त्या २५ च्या नळीलाच आणखी चार फाटे फोडतो. एसीचा डक्ट मध्ये आला तर हेड बाजूला सरकवतो. रंगारी येतो आणि छताबरोबर हेडंही पांढरीशुभ्र करून जातो. (रंग लागलेलं हेड पुसून चालत नाही, बदलावं लागतं. टर्पेंटाइनने पुसणारे मी पाहिलेत.) शेवटी लिकेज नको म्हणून प्लंबर त्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करतो, आणि काम संपल्यावर उघडायचा कुणाच्या लक्षात राहत नाही.

या सगळ्याला परवानगी कुठली? इमारतीची एनओसी आहे ना! गाळ्याच्या अंतर्गत बदलासाठी स्प्रिंकलरच्या नळ्यांचं वेगळं ड्रॉइंग दाखवायचं, कुणीतरी ते तपासायचं आणि सीलिंग बंद करण्याआधी येऊन बघायचं, हे मला व्यवहारात जवळपास कुठे दिसलेलं नाही. रेस्टॉरंटवाल्याला एनओसी लागते, तेव्हा माणूस येतो, दाराची रुंदी बघतो, सिलिंडर किती ते बघतो, अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख बघतो. छताकडे मान वर करून हेडं मोजतो. वर नळीत पाणी आहे का, हे मान वर करून दिसत नाही.

बंद व्हॉल्व्हचं दुखणं केवळ आपलं नाही. अमेरिकेत एनएफपीए ही संस्था गेली कित्येक वर्षं आगींचा हिशोब ठेवते. तिथेही स्प्रिंकलर असून चालले नाहीत अशा आगींमध्ये सर्वांत मोठं कारण हेच निघतं: आगीआधीच कुणीतरी यंत्रणा बंद केलेली. पण तिथे निदान परवानगीची रीत वेगळी आहे. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने ऑफिस घेतलं तेव्हा त्याच्या कंत्राटदाराला नळीनळीचं ड्रॉइंग आणि पाण्याचा हिशोब जमा करावा लागला. सीलिंग उघडं असताना निरीक्षक आला. नळ्यांत २०० पीएसआय दाब भरून दोन तास ठेवायचा आणि काटा हलता कामा नये, ही तिथल्या मानकातली चाचणी त्याच्यासमोर झाली. भाऊ वैतागला होता, तीन आठवडे उशीर झाला म्हणाला. तिथलेही कंत्राटदार परवान्याच्या नावाने बोटं मोडतातच. पण त्याचे तीन आठवडे ज्या गोष्टीसाठी गेले ती गोष्ट पाणी होती. माझ्या मामेभावाचे अडीच महिने गेले आणि त्यात पाण्याचा थेंब नाही. भाडेकराराची प्रत अस्पष्ट आहे, पुन्हा अपलोड करा. नकाशावरच्या आर्किटेक्टची सही निळ्या शाईत हवी. सोसायटीचं पत्र जुन्या लेटरहेडवर आहे. म्हणजे तो छळ म्हणतो ते खोटं नाही. फक्त छळाने निदान आग विझायला हवी होती.

"परवानग्या रद्द करा, मालकाला स्वतः प्रमाणित करू द्या" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की, बाबांनो, ते केव्हाच झालंय. फॉर्म बी म्हणजे दुसरं काय आहे? मागच्या जुलैत एका जुन्या ग्राहकाच्या इमारतीत गेलो. दोन मजल्यांचे व्हॉल्व्ह बंद, डिझेल पंपाची बॅटरी मेलेली. मी म्हटलं, आधी दुरुस्त करा, मग सही. साहेब म्हणाले, "तुम्ही सही द्या, काम दिवाळीनंतर करू." मी दिली नाही. आठवड्याभरात दुसऱ्या कुणीतरी दिली, माझ्या निम्म्या पैशात, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिथे कुणी पायही ठेवला नव्हता. फोटो वॉचमनने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तो ग्राहक गेला तो गेलाच. बायको म्हणाली बरं झालं, मेहुणा म्हणाला धंदा असा होत नसतो. मेहुण्याचं म्हणणं हिशोबाने बरोबर आहे, आणि माझं भांडण त्या हिशोबाशीच आहे. खरं तपासणाऱ्याला तोटा आणि न बघता सही करणाऱ्याला फायदा, असा बाजार कायद्यानेच मांडून दिलाय. माझ्याच धंद्यातल्या लोकांवर लिहितोय याची कल्पना आहे. उद्या फोन येतील. येऊ देत.

आता "आणखी कडक करा" म्हणणाऱ्या आत्याकडे वळतो. (आत्या, रागावू नकोस.) राजकोटच्या गेम झोनला मे २०२४ मध्ये आग लागली, २७ माणसं गेली, आणि तिथे फायर एनओसी नव्हतीच. मान्य. तिथे कागदसुद्धा नव्हता. पण दिल्लीचं उपहार आठवा. १३ जून १९९७, ५९ माणसं गुदमरून गेली. बाल्कनीतल्या ज्या जादा खुर्च्यांनी आणि खाजगी बॉक्सने वाट अडवली, त्यांना परवानगी मिळालेली होती. कागद होता आणि माणसं गेली. मुंबईत नागपाड्याच्या मॉलला ऑक्टोबर २०२० मध्ये लागलेली आग विझायला दोन दिवसांहून जास्त लागले. तो मॉल काही रातोरात उभा राहिलेला पत्र्याचा मांडव नव्हता, भर शहरात वर्षानुवर्षं उघडपणे चालणारी इमारत होती.

आणि प्रत्येक वेळी नंतर होतं काय? कमला मिल आठवतेय ना, २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्रीनंतर, १४ मृत्यू. लगेच पालिकेचे हातोडे शहरभर फिरले, शेकडो ठिकाणी तोडफोड झाली, टीव्हीवर दिवसभर चाललं. (तिथे प्रश्न गच्चीवरच्या छपरांचा आणि बाहेर पडण्याच्या वाटेचा होता, स्प्रिंकलरचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) अशा प्रत्येक मोहिमेनंतर आमच्या कचेरीतला फोन पंधरा दिवस खणखणतो. सगळ्यांना एकच हवं असतं: कागद, आणि तो शुक्रवारच्या आत. कडक म्हणजे आपल्याकडे आणखी एक रकाना. रकाना भरायला माणूस मिळतो. पंपरूमचा जिना उतरायला मिळत नाही.

मग मला काय हवंय? कागद कमी आणि पाणी जास्त.

गाळ्यात स्प्रिंकलरची एक नळी जरी हलवली तरी छोटी परवानगी लागावी, पण ती आठवड्यात मिळावी. तिच्यासाठी दोनच गोष्टी मागा: नळ्यांच्या जाडीसकट ड्रॉइंग आणि शेवटच्या हेडपर्यंतचा दाबाचा हिशोब. भाडेकरार, लेटरहेड, निळी शाई सगळं सोडून द्या. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर काम सुरू करायची मुभा द्या, पण नळ्यांची दाब चाचणी कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सीलिंग बंद करायचं नाही. यात सूट नाही. आणि फॉर्म बी देणारी एजन्सी मालकाने निवडायची नाही. फी विभागाकडे भरा, आणि एजन्सी विभागाने चिठ्ठी टाकून पाठवावी. माझ्या धंद्याला हे आवडणार नाही. मलाही दर जुलैत कुठल्या तरी अनोळखी तळघरात जावं लागेल.

यावर ठरलेली दोन उत्तरं येतात. पहिलं: अधिकारी कुठे आहेत एवढे? खरंय, माणसं कमी आहेत, आणि जी आहेत त्यांनी आगही विझवायची आणि फाईलीही. पण आज तोच माणूस दारातल्या नळकांड्यांच्या तारखा वाचण्यात अर्धा तास घालवतोच ना? पाण्याच्या चाचणीला त्याहून कमी वेळ लागतो. दुसरं उत्तर जास्त खवचट असतं: जितक्या तपासण्या जास्त तितकी खायला कुरणं जास्त. याचा मी खूप विचार केलाय. पैसे कुठे मागितले जातात? जिथे उत्तर "बघू" असं देता येतं तिथे. लेटरहेड चालेल की नाही, नकाशा स्पष्ट आहे की नाही, हे "बघू" आहे. काटा दोन तास जागेवर राहिला की नाही, यात बघूला जागा फार कमी. शिवाय त्या चाचणीचे आकडे दाराबाहेर लावायला सांगा, लिफ्टच्या परवान्यासारखे. तारीख, शेवटच्या टोकाचा दाब, सही करणाऱ्याचं नाव. ग्राहकांनी वाचावं.

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारने करायचं, आपण काय करणार. तर थोडंसं करता येतं, आणि तेवढं सांगून थांबतो.

ज्यांची ऑफिसं अशा इमारतींत आहेत त्यांनी मजल्याच्या सगळ्यात लांबच्या टोकाला, बहुतेक जिन्यात किंवा टॉयलेटच्या मागे, स्प्रिंकलरच्या नळीला एक छोटा व्हॉल्व्ह आहे का बघा. त्याला चाचणीचा व्हॉल्व्ह म्हणतात. तो स्वतः उघडू नका, इमारतीच्या मेंटेनन्सवाल्याला उघडायला सांगा आणि खाली बादली नव्हे, ड्रेनची नळी असू द्या. पहिलं पाणी काळंकुट्ट येईल आणि वास मारेल. घाबरू नका, वर्षानुवर्षं नळीत बसलेलं पाणी ते. एक हेड उघडल्याइतकंच पाणी त्यातून येतं. थोड्याच वेळात अलार्म वाजायला हवा. पंपरूममध्ये एक माणूस उभा करा: छोटा जॉकी पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि जॉकी मुद्दाम बंद ठेवला तर मोठा पंप स्वतःहून उठला पाहिजे. कुणी बटण दाबून उठवला तर ते धरायचं नाही. मजल्याच्या व्हॉल्व्हचं चाक उघड्या बाजूला आहे ना आणि त्याला साखळी-कुलूप आहे ना, तेही बघा. सगळं मिळून वीस मिनिटं.

व्हॉल्व्हच नाही, किंवा उघडल्यावर नुसती हवा आली, तर जुलैचा फॉर्म बी मागून घ्या आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. मामेभावाला मी हेच सांगितलंय. तो सध्या बोलत नाहीये, पण परवा त्याच्या सुपरवायझरचा फोन आला होता, २५ च्या नळीवर पाच हेडं आहेत, काय करू म्हणून. सीलिंग अजून उघडं आहे. उद्या सकाळी जाऊन बघतो.

तुम्हाला काय दिसलं ते खाली प्रतिक्रियेत लिहा, इमारतीचं नाव न घालता. नळ्यांचे फोटो असतील तर मेल करा, जाडी आणि हेडं मोजून सांगेन.